दाराच्या आतलं घड्याळ

निवेदिता चांदोरकरला राग यायचा, आणि आला की तो चेहऱ्यावर, हातापायांत, चालण्यात सगळीकडे दिसायचा. लंडनमधल्या पिनरच्या प्राथमिक शाळेत एका बाईंनी तिचं नाव लांब पडतं म्हणून 'निव' करून टाकलं, तेव्हा ही सहा वर्षांची पोरगी आठवडाभर हजेरीला 'येस मिस' म्हणाली नाही. गैरहजर लागली तरी चालेल, पण ओ देणार नाही. शेवटी 'निव'च चिकटलं ती गोष्ट वेगळी.

हा राग आला कुठून हे घरात कोणालाच सांगता आलं नसतं. वडील पद्माकर रेल्वेच्या सिग्नलचं काम करायचे. सत्तरच्या दशकात नाशिकहून आले, आणि तेव्हापासून या देशात आवाज चढवून बोलले असतील तर फक्त टीव्हीवरच्या क्रिकेटशी. आई सुलक्षणा हॅरोमधल्या एका केमिस्टच्या दुकानात काउंटरमागे औषधं काढून द्यायची. तिचा आवाज इतका मऊ, की गिऱ्हाइकं पुढे वाकून ऐकत.

निवेदिता हुशार होती, म्हणजे ती डॉक्टर होणार हे मराठी मंडळाच्या गणपतीत परस्परच ठरून गेलं होतं. तिनं मात्र सतराव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं, की मला मेडिसिन नको, पॅरामेडिक सायन्सची डिग्री करायचीय.

"म्हणजे अँब्युलन्सची ड्रायव्हर?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"ड्राइव्ह पण करतात, आई. पण लोकांना आधी कोण बघतं? आम्ही बघणार. डॉक्टर नंतर."

"आणि स्ट्रेचर कोण उचलतं?"

"ते पण आम्हीच."

सुलक्षणाबाईंनी उठून ताटं उचलली. पण पुढच्या गणपतीत कोणी विचारलं, की "मुलगी इमर्जन्सी मेडिसिन करते" एवढं सांगून प्रसादाचं ताट पुढे करायच्या. एकदा हे निवेदिताच्या कानावर पडलं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मी अँब्युलन्सवरचा काम शिकते, काकू. हिरवा युनिफॉर्म असतो ना, तो."  घरी परतताना गाडीत पद्माकरांनी फक्त एवढं म्हटलं, "अगं, 'अँब्युलन्सवरचं काम'. 'वरचा' नाही."

कोर्स अर्धा वर्गात आणि अर्धा गाडीवर असे. वर्गात हृदय, फुप्फुसं, भाजणं, बुडणं हे सगळं होतंच, शिवाय दर गुरुवारी आरोग्यव्यवस्थेचा एक तास असे. त्यात हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या चार तासांच्या नियमाबद्दल शिकवलं. पेशंट इमर्जन्सीत आला, की चार तासांच्या आत त्याला तपासून एकतर घरी पाठवायचं किंवा वॉर्डात. हा नियम येण्याआधी म्हातारी माणसं कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर दिवस दिवस पडून असायची, हे निवेदितानं वाचलं, आणि तिला अशी चीड आली, की तिनं नियमाच्या बाजूनं झणझणीत निबंध लिहिला. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच पडले.

दुसऱ्या वर्षी तिला गाडीवर ग्लेन मिळाला. हा पन्नाशी उलटलेला, जाड मानेचा, कमी बोलणारा पॅरामेडिक. निवेदिता ही त्याची विद्यार्थिनी. तो सांगेल ते करायचं, तो म्हणेल तिथे उभं राहायचं. माणूस शिकवायचा चांगला. जिना उतरवताना खुर्ची कशी धरायची इथपासून रडणाऱ्या नवऱ्याला कुठे बसवायचं इथपर्यंत सगळं त्यानं तिला दाखवलं.

आणि हिवाळा लागल्यावर एक दिवस त्यानं तिला अँब्युलन्सची रांगही दाखवली.

त्यांच्या भागातल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीबाहेर पाच गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात पेशंट. दाराशी एक नर्स उभी. ती येणाऱ्या प्रत्येक क्रूला हात करून थांबवत होती.

"आत जागा नाही का?" निवेदितानं विचारलं.

"कधी असते, कधी नसते," ग्लेन म्हणाला. "पण चार तासांचं घड्याळ दाराच्या आत आहे, निव. पेशंट उंबरठा ओलांडेपर्यंत ते चालू होत नाही. बाहेर गाडीत तो कितीही वेळ असला, तरी तो अजून आलेलाच नाही."

निवेदिताला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. मग कळलं की करत नाहीये. जो नियम म्हाताऱ्या माणसांना ट्रॉलीवरून उठवायला केला, तोच पाळल्याचं दाखवायला त्यांना आता पार्किंगमध्ये ठेवतात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ग्लेनला म्हणाली, "आणि तुम्ही सगळे गप्प?"

"आम्ही कळवतो वर," ग्लेन म्हणाला. "दरवर्षी कळवतो."

दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली ती दुपार. वेम्बलीत ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीत एका घरातून बोलावणं आलं. दार उघडलं ते अर्चना देशकर या तिशीतल्या बाईनं. नागपूरची, इथे एका बँकेत नोकरीला. आत सोफ्यावर तिची सासू यमुनाबाई अंगाचं मुटकुळं करून पडली होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगावर नऊवारी आणि वर लोकरीचा कोट.

ग्लेन इंग्रजीत विचारू लागला. अर्चना उत्तरं देत होती, पण घाबरून तिचे शब्द एकमेकांत अडकत होते. निवेदिता खाली बसली आणि म्हणाली, "आजी, मी मराठी आहे. तुमचा पाठ दुखतो का पोट?"

म्हातारीनं डोळे उघडले. एवढ्या कळांतही तिच्या ओठांवर हसू आलं. "पाठ दुखते, गं. 'दुखतो' नाही. पण माझी पाठ नाही दुखत, पोट दुखतं. एकदम सुरी खुपसल्यागत झालं."

गुडघ्यांसाठी ती रोज गोळ्या घेत होती. त्या दिवशी चतुर्थीचा उपास होता, तरी उपाशीपोटीच घेतल्या. ग्लेननं पोटावर हात ठेवला आणि निवेदितालाही ठेवायला सांगितलं. पोट लाकडासारखं ताठ झालं होतं. "अल्सर फुटला असावा," तो हळूच म्हणाला. नाडी जलद होती, पण रक्तदाब अजून बरा होता. त्यानं सलाइन लावलं, दुखणं कमी करायचं औषध दिलं, आणि वाटेतूनच हॉस्पिटलला फोन करून कळवलं.

त्याच हॉस्पिटलपाशी पोचले तर बाहेर रांग होती. हात करून थांबवणारी नर्सही होती.

ग्लेन उतरून तिच्याशी बोलून आला. "आपला नंबर लवकर लागेल म्हणते."

गाडीत अर्चना सासूचा हात धरून बसली होती. यमुनाबाई हळूहळू बोलत होत्या. निवेदिताला विचारलं, तुझं आडनाव काय, आई कुठली, स्वयंपाक येतो का. मग त्या बोलायच्या थांबल्या. कपाळावर घाम आला. निवेदितानं पुन्हा रक्तदाब घेतला. तो खाली आला होता. ग्लेननं सलाइन वाढवलं आणि पुन्हा दाराशी गेला. नर्स म्हणाली, "विचारते." विचारून आली आणि म्हणाली, "पुढचा नंबर तुमचाच."

पण पुढचा नंबर काही येईना.

"पोरी," यमुनाबाई म्हणाल्या, "त्यांना उगाच त्रास नको देऊ. मी थांबते."

या वाक्यानं निवेदिताच्या आतलं काहीतरी तुटलं. ती उठली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि ग्लेन 'निव!' म्हणेपर्यंत नर्सला ओलांडून आत गेली.

आत गर्दी होती, गोंगाट होता, नर्सेस धावत होत्या. त्यांच्याविषयी तिला आजही काही म्हणायचं नाही. पण डाव्या हाताला पडदा अर्धा सरकवलेली एक खोली होती. आत ट्रॉली होती आणि ट्रॉलीवर इस्त्रीची चादर. माणूस नव्हता. बाहेर गळ्यात ओळखपत्र घातलेला, सुटातला एक मॅनेजर फोनवर बोलत होता.

"ही जागा रिकामी आहे," निवेदिता म्हणाली.

"ती ठेवलेली आहे," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. "वेटिंग रूममधल्या एकाचे चार तास भरत आलेत. त्याला हलवायचंय. तुम्ही कोण?"

"त्याला काय झालंय?"

"त्याच्याशी तुमचा संबंध नाही."

"बाहेर माझी पेशंट मरायला लागलीय!"

"तुमच्या पेशंटचा नंबर आला की बोलावतील. प्लीज बाहेर जा."

तेव्हा निवेदिता जे बोलली, ते इंग्रजीत बोलली आणि मोठ्यानं बोलली. त्यात एक शिवी होती. "तुम्हाला लाज वाटायला हवी" हे होतं. "तुम्हाला माणसं दिसत नाहीत, आकडे दिसतात" हेही होतं.  मग ती वळली, धावत गाडीशी आली, रॅम्प खाली केला आणि ट्रॉलीची कडी सोडली.

"निव, परवानगी नाही आपल्याला," ग्लेन म्हणाला.

"मग तुम्ही इथेच थांबा."

ग्लेननं तिच्याकडे पाहिलं, यमुनाबाईंच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ट्रॉलीचं दुसरं टोक धरलं. दारातली नर्स बाजूला झाली. दोघांनी म्हातारीला सरळ त्या इस्त्रीच्या चादरीपाशी नेलं. मॅनेजर आडवा येत होता, पण तेवढ्यात एका तरुण डॉक्टरणीनं यमुनाबाईंचा चेहरा पाहिला, हातातलं काम टाकलं आणि "सर्जनला बोलवा, आत्ता" म्हणून ओरडली. तिथून पुढे सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. ते आधी व्हायला हवं होतं, एवढंच.

ऑपरेशन झालं. तीन दिवसांनी यमुनाबाई अतिदक्षता विभागातच वारल्या. हे निवेदिताला ग्लेननं फोनवर सांगितलं. ती बसच्या वरच्या मजल्यावर होती. तिनं समोरच्या सीटवर अशी मूठ मारली, की पुढे बसलेले गृहस्थ उठून खाली गेले. लवकर आत घेतलं असतं तर त्या वाचल्या असत्या का? कोण सांगणार? वय झालेलं, पोटात विष पसरलेलं. कोणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं, आणि याच आडोशाला सगळे निवांत बसणार होते.

आठवडा उलटला नाही तोच हॉस्पिटलची तक्रार युनिव्हर्सिटीत आली. यमुनाबाईंबद्दल तीत अवाक्षर नव्हतं. विद्यार्थिनीनं उपचारांच्या जागी आरडाओरडा केला, शिवी दिली, परवानगीशिवाय पेशंट आत आणला, अशी ती तक्रार होती. निवेदिताचं गाडीवर जाणं बंद झालं. चौकशी पूर्ण होईपर्यंत पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं नाही, अशी ताकीदही मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

घरी पद्माकर म्हणाले, "सॉरी म्हण आणि मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"बाबा, मासा माणसं खातो!"

"म्हणूनच म्हणतोय."

चौकशीला तीन माणसं होती. सगळी सभ्य, सगळी हळू बोलणारी. पाण्याचा ग्लास पुढे केला, बसायला बरी खुर्ची दिली. ग्लेन साक्षीला आला होता. ट्रॉली आपणही ढकलली, आणि दोष द्यायचा तर आधी आपल्याला द्या, असं त्यानं सरळ सांगितलं. मग त्यांनी निवेदिताला विचारलं, की तुझ्या वागण्याचा तुला खेद वाटतो का?

"शिवी दिल्याचा वाटतो," ती म्हणाली. "तिथे आजारी माणसं होती."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं उद्या पुन्हा करेन. मला एक सांगा, त्या बाई जेवढा वेळ गाडीत पडून होत्या, त्याची चौकशी कुठे चाललीय?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तो या समितीचा विषय नाही."

"मग कोणत्या समितीचा आहे? नाव सांगा. मी तिथे जाते."

अध्यक्षबाईंनी समोरचा कागद उलटला. निकाल लागला तो असा: लेखी ताकीद, पेशंटच्या घरच्यांशी बोलायची बंदी कायम, आणि दुसरं वर्ष पुन्हा. खेद वाटतो एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर वर्ष वाचलं असतं, असं बाहेर आल्यावर ग्लेन म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. "तुझं बरोबर आहे, निव. पण तुला अजून तीस वर्षं काढायचीत."

त्याच महिन्यात एका रविवारी दारावरची बेल वाजली. सुलक्षणाबाईंनी दार उघडलं. बाहेर अर्चना देशकर उभी होती. मंडळातल्या कोणाकडून तरी तिनं पत्ता मिळवला होता.

"मला भांडायचं नाहीये," ती म्हणाली. "आईंना तुमच्या मुलीनं आत नेलं, ते मी पाहिलंय. मला फक्त विचारायचंय, आत नक्की जागा होती की नव्हती? नव्हती, असं सांगतात. माझा नवरा रवी म्हणतो, गेलेलं माणूस परत येत नाही, सोड. पण मी कसं सोडू? मी त्यांचा हात धरून बसले होते हो, आणि 'आत्ता नेतील, आत्ता नेतील' म्हणत होते."

निवेदिता जिन्यावर उभी राहून ऐकत होती. बोलायचं नाही, ही ताकीद तिच्या नावावर ताजी होती. बोलली हे कळलं, तर पुढचं वर्ष मिळालंच नसतं. तिनं आईकडे पाहिलं. सुलक्षणाबाईंनाही ताकीद माहीत होती. त्या तरीही वळून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. अर्चनाला बसवायचं, एवढा त्याचा अर्थ होता.

निवेदिता खाली आली. "जागा होती," ती म्हणाली. "रिकामी होती. चादर घालून ठेवली होती. दुसऱ्या कोणाचे चार तास भरत होते, त्याच्यासाठी."

 अर्चनाचा चेहरा बदलला. रडवेपणा गेला आणि जे आलं ते निवेदिताला चांगलंच ओळखीचं होतं.

अर्चनानं तक्रार केली. हॉस्पिटलनं भेटीला बोलावलं. रवी येईना. निवेदिताला जाता येत नव्हतं. मग अर्चनाबरोबर सुलक्षणाबाई गेल्या. "औषधांचं मला कळतं," एवढंच कारण त्यांनी दिलं. दोघी संध्याकाळी परत आल्या, तेव्हा सुलक्षणाबाईंनी पर्स सोफ्यावर फेकली. आजवर त्या घरात त्यांनी काही फेकलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाले?" पद्माकरांनी विचारलं.

"म्हणाले, पेशंट आल्यावर तिला दहा मिनिटांच्या आत डॉक्टरांनी पाहिलं. आल्यावर! त्यांच्याकडे तशी नोंद आहे म्हणे! मी म्हटलं, अहो, आल्यावर म्हणजे कधी? ती बाई दाराबाहेर तुमच्याच आवारात मरत होती, तेव्हा ती कुठे होती? लंडनात होती की नव्हती?" त्यांचा आवाज चढला, फाटला. "तर तो सुटातला माणूस मला म्हणतो, तुम्हाला तसं वाटलं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मला वाटलं? मला? मी म्हटलं, मला वाटण्याबद्दल दिलगीर होऊ नका, तुम्ही केलंत त्याबद्दल व्हा!"

"अहो, ओरडल्या काकू," अर्चना म्हणाली. "शेजारच्या खोलीतून माणसं बघायला आली."

पद्माकर चहा करायला उठले. तीस वर्षांच्या संसारात तो त्यांनी फारसा केला नव्हता, त्यामुळे साखर जास्त पडली. तो गोडमिट्ट चहा चौघांनी प्यायला आणि पुढे काय करायचं ते ठरवलं.

प्रकरण वर, हॉस्पिटलांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलं. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. कागद गहाळ झाले, माणसं बदलली, अर्चनाला तेच ते तीनदा सांगावं लागलं. शेवटी निर्णय आला: यमुनाबाईंच्या बाबतीत वेळ चुकीची मोजली गेली. गाडी आवारात आली तेव्हापासून मोजायला हवी होती. आत जागा उपलब्ध असताना त्यांना बाहेर ठेवणं समर्थनीय नव्हतं. हॉस्पिटलनं माफी मागितली. या वेळी 'वाटलं' हा शब्द नव्हता. शिक्षा कोणालाच झाली नाही. तो मॅनेजर तोवर दुसऱ्या, याहून मोठ्या हॉस्पिटलात गेला होता, वरच्या जागेवर.

"जिंकलो ना आपण?" अर्चनानं फोनवर विचारलं.

"माहीत नाही," निवेदिता म्हणाली. "मला अजून राग आहे."

"मला पण," अर्चना म्हणाली.

निवेदिता दोन हजार नऊमध्ये पास झाली. तिच्या मूळच्या वर्गातली मुलं तेव्हा वर्षभर नोकरी करत होती. ग्लेन त्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेला. तिला नेमणूक मिळाली ती उत्तर-पश्चिम लंडनमध्येच, म्हणजे त्या हॉस्पिटलशी रोजची गाठ.

पहिल्या हिवाळ्यात पुन्हा रांग लागली. आता घड्याळ आवारापासून चालतं असं कागदावर होतं, पण दारात थांबवणारा हात होताच. निवेदिताच्या गाडीत एक शाळामास्तर होते, छातीत दुखत असलेले, घाबरलेले. दारातली नर्स म्हणाली, "जरा थांबा."

"थांबते," निवेदिता म्हणाली. "पण आम्ही आत्ता आलो, हे माझ्यासमोर लिही. आणि दर थोड्या वेळानं मी आत येऊन रिकामी ट्रॉली आहे का बघणार. अडवू नकोस."

नर्सनं तिच्याकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, तिनं खिशातलं पेन काढलं आणि वेळ लिहिली. मग आत गेली आणि लगेच परत आली. "आणा त्यांना."

निवेदितानं रॅम्प खाली केला. मास्तर म्हणाले, "मी तुम्हाला फार त्रास देतोय का?"

"अजिबात नाही, सर," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेलाच होता. मास्तर दचकले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ट्रॉली पुढे ढकलली.